बेटर म्हणजे बरं

माझे धाकटे दीर इंग्रजीला घाबरत नाहीत. घाबरायचंच असेल तर इंग्रजीनं घाबरावं, असा त्यांचा खाक्या. शाळेत इंग्रजीचा तास सुरू झाला त्याच वर्षी त्यांनी शाळा सोडली. "ती आत आली आणि मी बाहेर पडलो. एका दारात दोघांची गर्दी नको," असं ते अजूनही ऐटीत सांगतात. माझं शिकणं तर त्यांच्याहूनही आखूड. पाटीवर स्वतःचं नाव काढता यायला लागलं, तेवढ्यात घरात पाळणा हलला आणि धाकट्या भावाला सांभाळायला मला घरी बसवलं. पुढची अक्षरं मी आधी मुलांच्या आणि मग नातीच्या पुस्तकांतून उचलली. त्यामुळे या लिखाणात कुठं चूक सापडली तर ती नातीची समजावी.

भावजी वेताच्या खुर्च्या विणतात. खाली दुकान, वर घर, मधे अरुंद जिना. दुकान म्हणजे एक लांबट खोली. दाराशी पसरट टब, त्यात वेताच्या पट्ट्या भिजत पडलेल्या. भिंतीवर पाय वर करून टांगलेल्या खुर्च्या, आणि मधोमध एक बुटकं स्टूल. जन्मभर दुसऱ्यांच्या बसायची सोय केली, पण स्वतः त्या स्टुलावरच. खुर्चीत बसलेलं मी त्यांना एकदाच पाहिलंय, त्यांच्या लग्नाच्या फोटोत. आणि तिथंही नवरीकडे बघायचं सोडून खाली वाकून खुर्चीचा हात तपासताहेत.

विणायची रीत ठरलेली. आधी उभ्या पट्ट्या, मग आडव्या, पुन्हा उभ्या, पुन्हा आडव्या, आणि शेवटी दोन्ही अंगांनी तिरप्या. तिरपी पट्टी भोकातून ओढली की कुर्र असा आवाज येतो. त्या आवाजावर मी वर बसून सांगू शकते की काम जमतंय की भावजींचं डोकं फिरलंय.

आणि डोकं फिरायला एकच शब्द पुरतो. 'बरं'.

गिऱ्हाईक म्हणालं, "बरी झालीय हो खुर्ची," की संपलंच. "बरी? म्हणजे चांगली नाही?" गिऱ्हाईक गडबडतं, "तसं नाही, बरी आहे की," आणि खड्ड्यात आणखी खोल जातं. भावजी पाजळलेली सुरी उचलतात आणि सपासप पट्ट्या कापून टाकतात. पुन्हा पहिल्यापासून. माझी जाऊ होती तेव्हा ती सुरी लपवून ठेवायची. ती गेली, आणि सुरी मोकळी झाली.

खरं तर त्यांचं काही चुकत नाही. आपल्यात बरं म्हणजे काय ते कुणाला ठाऊक नाही? सासू म्हणाली, "सून बरी आहे," की शेजारणी समजायचं ते समजतात. चांगलं ते चांगलं. त्याच्या एक पायरी खाली बरं. बऱ्याच्या खाली मग नुसतं "असू दे".

आता याच्यावर इंग्रजीचा मुलामा द्या. गिऱ्हाइकांच्या तोंडून पडेल ते वेचून भावजींनी स्वतःचं व्याकरण बांधलं होतं. गुड म्हणजे चांगलं. बेटर म्हणजे बरं. "ऐका ना वहिनी, नावातच आहे. बेटर, बरं. सख्खे भाऊ." आणि बेस्ट म्हणजे बस्स. पुरे. थांबा.

हे बेस्टचं खोटं वाटेल, म्हणून सांगते. एकदा एक साहेब आपली खुर्ची कुठवर आली ते बघायला आले. बैठक अर्धी विणून झालेली. साहेब वाकून बघतात आणि म्हणतात, "बेस्ट!" भावजींनी पट्टी तिथल्या तिथं कापली, गाठ मारली आणि खुर्ची उचलून त्यांच्या हातात दिली. साहेब म्हणाले, "अहो, उरलेली?" भावजी म्हणाले, "तुम्हीच बस्स म्हणालात." साहेबांनी ती तशीच नेली. पुढं त्यात त्यांनी कुंडी ठेवली म्हणे.

नातीचं नाव मी इथं घालत नाही, ती रागावते. भावजी तिला पोपट म्हणतात, कारण ती परीक्षा आली की खोलीत येरझाऱ्या घालत मोठ्यांदा घोकते. त्या वर्षी तिला तुलनेचा धडा होता. सकाळपासून गुड, बेटर, बेस्ट चाललेलं. भावजी जिन्यात थांबून ऐकत होते.

"पोपट, उलटं म्हणतेस तू. आधी बेटर, मग गुड."

"नाही हो, भाऊआजोबा. गुडपेक्षा बेटर जास्त. चढत जातं ते."

"कसं काय चढतं? आजारी माणूस आधी बरा होतो, मग चांगला होतो. चांगला माणूस बरा झालेला पाहिलायस कधी?"

पोरीनं पुस्तक चाळलं. मला विचाराल तर मलाही ते पटलं. मुद्दा बिनतोड होता.

"पुस्तकात लिहिलंय," ती शेवटी म्हणाली.

"पुस्तक लिहिणारा कधी आजारी पडला नसेल," भावजी म्हणाले आणि खाली उतरले.

इथवर हे हसण्यावारी होतं. पण त्याच सुमाराला दुकान बसत चाललं होतं. लोक प्लास्टिकच्या खुर्च्या घेतात, मोडल्या की टाकतात. मागच्या रस्त्यावर एकानं यंत्रावर विणलेल्या प्लास्टिकच्या जाळ्या ठोकून द्यायचं दुकान काढलं. सकाळी खुर्ची टाका, दुपारी न्या. भावजींच्या भिंतीवरच्या खुर्च्या एकेक करून उतरल्या आणि त्यांच्या जागी नवीन टांगायला काही येईना. परगावचा त्यांचा मुलगा दर रविवारी फोन करायचा. "बाबा, पुरे आता. इकडं या. आरामात सोफ्यावर बसा." मुलगा गुणाचा आहे, मनापासून बोलवायचा. पण सोफा म्हटलं की भावजींचा चेहरा दवाखान्यात भरती व्हायला निघाल्यासारखा व्हायचा. एका रविवारी मात्र ते म्हणून गेले, "एक काम हाताशी आलंय. ते मिळालं तर राहतो. नाही मिळालं तर दुकानाला कुलूप लावून येतो."

मी वर लसूण सोलत होते. माझा हात थांबला. कारण ते गेले तर घरात भांडायला माझ्या हक्काचं कोण उरणार? माझा मुलगा आणि सून सकाळी जातात ते दिवेलागणीला येतात, आणि पोपटाशी भांडायचं म्हणजे तिच्याकडे पुस्तक असतं.

काम होतं मोठ्या वाचनालयाचं. तिथली सगळी दालनं नव्यानं सजवत होते आणि जुन्या वेताच्या खुर्च्यांच्या बैठका फाटलेल्या. तिथं बाहेरून बाई आल्या होत्या मुख्य म्हणून. इंग्रजीशिवाय काही न बोलणाऱ्या. त्यांनी एक खुर्ची भावजींना दिली, एक त्या प्लास्टिकवाल्याला. दोन्ही तयार झाल्या की त्यांचं मंडळ बसून बघणार आणि ज्याची पसंत पडेल त्याला सगळं काम.

भावजींनी ती खुर्ची अशी विणली की काय सांगू. जिन्यावरून नुसतं कुर्र कुर्र ऐकू येत होतं, एकसारखं, मांजर मांडीवर घुरघुरावं तसं. मी खाली जाऊन म्हटलं, "झाली हो छान." त्यांनी मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाले, "चांगली झालीय." स्वतःच्या कामाला ते एवढं कधी म्हणत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या. उंच, पिकल्या केसांच्या, हसऱ्या. मी दारात शर्टाला बटणं लावत बसले होते, मुद्दामच. मला इंग्रजी येत नाही, पण कान आहेत, आणि कान मी झाकत नाही.

बाई खुर्चीत बसल्या. मागं रेलल्या. डोळे मिटले. मग म्हणाल्या, "आय हॅव नेव्हर सॅट इन अ बेटर चेअर."

भावजींनी माझ्याकडे वळून हळूच सांगितलं, "बिचारी. जन्मात कधी बऱ्या खुर्चीत बसली नाही म्हणते."

"एवढी शिकलेली बाई?"

"शिकलेल्यांना लाकडी बाकच मिळतात, वहिनी." आणि कळवळून त्यांनी बाईंच्या पायांखाली आपलं स्टूल सरकवलं. त्यांचं स्वतःचं स्टूल! बाई इतक्या खूश झाल्या की उठून त्यांनी भावजींचा हातच हातात घेतला, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "इट. कुडन्ट. बी. बेटर."

भावजींचा चेहरा उतरला. मी बघितला, सुईत ओवलेला दोरा निसटावा तसा सर्रकन.

बाई पुढं काही बोलल्या, उद्या संध्याकाळी गाडी येईल असं हातवारे करून समजावलं, आणि गेल्या.

"काय झालं हो?"

"ही खुर्ची बरीसुद्धा होऊ शकत नाही म्हणाली. कुडन्ट म्हणजे शक्य नाही. चांगलीचं तर सोडाच, बरीसुद्धा नाही."

"अहो, पण हसत होती की ती."

"त्यांच्यात वाईट बातमी हसूनच सांगतात. डॉक्टर नाही का सांगत?"

"हात हातात घेतला तुमचा!"

"सांत्वनाला," भावजी म्हणाले.

मी उठून त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत सुरी चालली होती. सपासप, उभ्या, आडव्या, तिरप्या, सगळ्या. खुर्चीची नुसती हाडकुळी चौकट उरली आणि तिच्याखाली पट्ट्यांचा ढीग. "बरीच्या खालचं काम या दारातून जाणार नाही," एवढंच म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

पोपट त्या दिवशी अर्ध्या शाळेतूनच आली. दप्तर टाकायच्या आधी तिनं तो ढीग बघितला. मी तिला झालेलं सांगितलं, बाईंचे शब्द जसेच्या तसे कानांतून काढून तिच्या हातात दिले.

तिनं कपाळच बडवलं. "अगं आजी! 'कुडन्ट बी बेटर' म्हणजे याच्यावर काही असूच शकत नाही! पहिला नंबर! ती खुर्ची पसंत पडली होती!"

"आणि ते आधीचं? कधी बसली नाही ते?"

"याच्याहून चांगल्या खुर्चीत कधी बसले नाही, असं म्हणाली ती!"

भावजी वळले नाहीत. "पोपट, घोकलेलं सांगू नकोस. 'नाही' म्हणाली ती. नाही म्हणजे नाही. नाही म्हणून कुणी कुणाचं कौतुक करतं का?"

"इंग्रजीत करतात! काही वाक्यं 'नाही' म्हणून वर चढतात आणि काही खाली उतरतात. 'कुडन्ट बी बेटर' चढतं. पण 'नो बेटर दॅन अ थीफ' म्हटलं तर ते उतरतं, म्हणजे चोराहून काही बरा नाही."

"एकदा नाही म्हणून चढायचं, एकदा नाही म्हणून उतरायचं? ही भाषा आहे का जिना?"

"भाऊआजोबा..."

"लिफ्टला तरी बाण असतो. वाक्यावर बाण का नाही काढत ते?"

पोर रडकुंडीला आली. तिनं पुस्तक काढलं, नियम वाचले, उदाहरणं वाचली. भावजी दगड. शेवटी मी माझं एकमेव औषध केलं, चहा. कप त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "घ्या. काम गेलं, खुर्ची गेली, आता तुम्हीही जाल लेकाकडे. सोफ्यावर बसून चहा प्यायला मिळेल, आयता."

"हो तर!" भावजी उसळले. "बसायला सोफा, हातात आयता कप, दिवसभर भिंत बघायची. याहून बरं काय असणार!"

पोपट टुणकन उडाली. "हेच! हेच! पुन्हा म्हणा!"

"काय पुन्हा म्हणा?"

"याहून बरं काय असणार! हेच म्हणाली ती! तुम्ही रागानं म्हणालात, ती मनापासून म्हणाली, एवढाच फरक. कुडन्ट बी बेटर. याहून बरं काय असणार!"

टबातला एक बुडबुडा फुटला तो मला ऐकू आला. भावजींनी कप खाली ठेवला. ओठ हलवत त्यांनी ते वाक्य स्वतःशी दोनदा म्हणून बघितलं, एकदा रागानं, एकदा बिनरागानं. मग हळूहळू खाली ढिगाकडे बघितलं.

मला राहवेना. "म्हणजे भावजी, ती बाई म्हणाली, याला तोड नाही. आणि तुम्ही तोडली."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की एरवी मी जिना चढून पळाले असते. पण मग त्यांच्या खांद्यांपासून हसू सुरू झालं, आवाज न होता, आणि पोटापर्यंत गेलं. डोळे पुसत ते म्हणाले, "वहिनी, टबात नवीन पट्ट्या टाका."

खुर्चीला एरवी लागतो तेवढा वेळ कुठला हातात? ते विणत राहिले, पोपट पट्ट्या निवडून द्यायला बसली आणि मी कापलेला ढीग गोळा केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाराशी गाडी वाजली तेव्हा उभ्या, आडव्या आणि एका अंगाच्या तिरप्या झाल्या होत्या. दुसऱ्या अंगाच्या तिरप्या बाकी. आणि गाडीतून गाडीवाल्याच्या आधी बाईच उतरल्या. खुर्ची पुन्हा एकदा बघायचा मोह झाला असावा.

दारातच थबकल्या. काल पूर्ण असलेली खुर्ची आज अपुरी! त्यांनी खुर्चीकडे बोट केलं, मग भावजींकडे, मग वर आढ्याकडे.

पोपटानं त्यांना सांगायला एक लांबलचक वाक्य पाठ केलं होतं. पण भावजी आधीच उभे राहिले. आपली इंग्रजी त्यांनी आजवर कुणाकडून उसनी घेतली नव्हती, आताही घेतली नाही.

"मॅडम. यू से, नो बेटर. आय कट. नाऊ आय मेक गुड."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "बट इट वॉज परफेक्ट!"

"नो परफेक्ट," भावजी ठामपणे म्हणाले. "गुड."

पोपटानं खुलासा करायला तोंड उघडलं. मी तिच्या पायावर पाय ठेवला. जोरात. कारण मी बाईंचा चेहरा बघत होते, आणि त्या चेहऱ्यावर काय उजाडतंय ते मला कळत होतं. आपण ज्या खुर्चीला याहून बरं काय असणार म्हटलं, ती या माणसानं कापून टाकली, का, तर याहूनही बरी होईल म्हणून! असा कारागीर कुठं बघायला मिळतो? बाईंनी असा समज करून घेतला. स्वतःच्या मनानं. त्यात माझा फक्त एक पाय होता.

गाडीवाला भोंगा वाजवत होता. बाईंनी त्याला हातानं थांब म्हटलं आणि त्या चक्क जिन्याच्या पायरीवर बसल्या. भावजींनी उरलेल्या तिरप्या ओढायला घेतल्या. कुर्र, कुर्र. शेवटची पट्टी भोकातून निघाली, खुंटी बसली, गाठ पडली. बाईंनी पुढं होऊन विणीवरून तळवा फिरवला आणि हळूच म्हणाल्या, "आय कुडन्ट आस्क फॉर मोर."

पुन्हा कुडन्ट! भावजींचा हात सुरीवर गेला. मी पोपटाचा दंड धरला. 'जास्त मागणार नाही' म्हणजे? बाकीच्या खुर्च्या नकोत?

पण सुरी उचलली नाही. हात तिच्यावर ठेवून त्यांनी मान न वळवता विचारलं, "पोपट. चढतं की उतरतं?"

"चढतं, भाऊआजोबा."

"नक्की?"

"पार गच्चीपर्यंत!"

भावजींनी सुरी टबामागं सरकवली. मग बाईंकडे बघून म्हणाले, "बेस्ट." त्यांच्या मनात होतं, बस्स, आता कौतुक पुरे, खुर्ची न्या. बाईंच्या मनात काय ते बाईंना ठाऊक. दोघंही खूश होऊन एकमेकांना मान लववत राहिले आणि गाडीवाला खुर्ची घेऊन गेला.

मंडळाच्या बैठकीत काय झालं ते आम्हाला पुढं गाडीवाल्याकडून कळलं. प्लास्टिकवाल्याची खुर्चीही काही वाईट नव्हती. पण बाईंनी सगळ्यांना त्या कापलेल्या खुर्चीची गोष्ट सांगितली, थोडं तिखटमीठ लावून, आणि मग मंडळातला जो तो वेताच्या खुर्चीत बसूनच बोलायला लागला, उठेना. आता दुकानात पाय ठेवायला जागा नाही. भिंती भरल्या, जिन्यावर खुर्च्या, मला वर जायचं तर तिरपं होऊन जावं लागतं, त्या शेवटच्या पट्टीसारखं.

रविवारी मुलाचा फोन आला. मी जवळच होते. "काय बाबा, ठरलं का? कसे आहात?"

भावजींनी घसा खाकरला, मोठ्या रुबाबात पोपटाकडे एकदा बघून घेतलं आणि म्हणाले, "कुडन्ट बी बेटर."

मुलगा शिकलेला आहे, पण शेवटी याच बापाचा. तो म्हणाला, "बाबा... म्हणजे बरं नाही का तुम्हाला? मी निघू?"

"पोपट, घे," भावजी फोन तिच्या हातात देत म्हणाले, "याला जरा जिना शिकव."

मुलाला पटवायला तिला बराच वेळ लागला. सोफा त्याचा तो वापरतोय. भावजी इथंच, बुटक्या स्टुलावर. रोज चहाचा घोट घेतात आणि म्हणतात, "बरा झालाय, वहिनी." पूर्वी मला कळायचं की माझा अपमान झाला. आता मी मान वर न करता विचारते, "चढतं की उतरतं?" ते नुसते मिशीत हसतात. पण कप खाली येतो तो रिकामा असतो.